यंत्र आपोआप जळाले नाही

या अंकाच्या संपादकांनी मला पाठविलेल्या निमंत्रणपत्रात 'आपल्या ध्वनिवर्धकाच्या व्यवसायातील काही गमतीदार आठवणी' अशी मागणी केली आहे. 'गमतीदार' या विशेषणास माझी हरकत आहे, आणि ती मी त्यांना स्वतंत्र पत्राने कळविली आहे. उत्तर आलेले नाही. तेव्हा ती हरकत कायम ठेवून पुढील मजकूर लिहीत आहे.

जव्हार संस्थान विलीन होण्यापूर्वीच्या काही वर्षांत तेथील व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून एक ध्वनिवर्धक यंत्र विकत घेतले. त्याच्या देखभालीसाठी एक यंत्र समिती नेमली. दरबारचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, हे प्रथमच नमूद करतो, कारण आमच्याकडे स्वतःच्या मूर्खपणाचे खापर वरच्या माणसावर फोडण्याची पद्धत आहे. मुंबईच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या कारखान्यात काम शिकून आलेला मी त्या यंत्राचा पगारी चालक होतो. पुढे हे यंत्र मोखाड्याच्या बाजूच्या एका गावी, बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी, भर लोकांत जळाले. समितीच्या ठरावात त्याची नोंद 'यंत्र आपोआप जळाले' अशी आहे. हे तीन शब्द धडधडीत खोटे आहेत, आणि ते खोटे का आहेत हे समजण्यासाठी वाचकाला थोडी विद्या शिकावी लागेल. ज्यांना ती नको असेल त्यांनी पान उलटावे. पुढे पाककृती असतील.

ध्वनिवर्धक यंत्र आणि त्याला जोडलेले कर्णे यांच्यात एक करार असतो. यंत्राने जोर द्यावयाचा आणि कर्ण्याने तो घ्यावयाचा. कर्णा जेवढा जोर घेतो, तेवढा त्या यंत्रावरचा भार. त्या काळच्या यंत्रात जोर देणारे, दिव्यासारखे काचेचे मोठाले व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्हचा जोर थेट कर्ण्याला देता येत नसे, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर बसविलेला असे. लोखंडी पत्र्यांचा एक गठ्ठा, त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एकीकडून व्हॉल्व्ह ढकलतो, दुसरीकडून कर्णा घेतो. यंत्राच्या पाठीमागे स्क्रूंची पट्टी असे आणि तिच्यावर आकडे कोरलेले असत: सोळा, आठ, चार. आमचा एक कर्णा सोळाचा. एकच जोडावयाचा असेल तर तार सोळाच्या स्क्रूला. दोन जोडावयाचे तर आठच्या. चार जोडावयाचे तर चारच्या. कर्णे वाढले की आकडा उतरतो. चौथीतल्या मुलाला समजेल असे हे गणित समितीच्या एकाही सभासदाला मी अखेरपर्यंत समजावू शकलो नाही, आणि त्यात माझा दोष होता असे मला वाटत नाही.

करार दोन तऱ्हांनी मोडता येतो. पहिली तऱ्हा म्हणजे ठरल्याहून जास्त कर्णे लादणे. मग व्हॉल्व्हच्या पोटातली पत्री विस्तवासारखी लाल होते, आवाज वाढण्याऐवजी चिरका होतो, आणि ज्याने कर्णे वाढविले तो चालकाला म्हणतो, यंत्रात दम नाही.

जव्हारच्या एका मोठ्या दुकानदाराच्या मुलीच्या लग्नात हा प्रसंग आला. मांडवात वरपक्षाच्या बाजूला दोन आणि वधूपक्षाच्या बाजूला दोन असे चार कर्णे मी लावले होते. व्याही आले, त्यांनी वर पाहिले, आणि वरपक्षाकडे निदान चार तरी हवेत असा निरोप धाडला. दुकानदार घामाघूम होऊन माझ्याकडे आले.

"मास्तर, आणखी दोन जोडा."

"यंत्र घेणार नाही."

"अहो, यंत्राचे सोडा. व्याह्यांच्या डोक्यावर कर्णा नसेल तर मी तोंड कोठे लपवू?"

"कर्णा टांगतो. तार जोडत नाही. चालेल?"

त्यांनी वर मांडवाकडे पाहिले. मग म्हणाले, "दिसेल ना?"

दोन मुके कर्णे वरपक्षाच्या डोक्यावर लोंबले. पंगत उठल्यावर व्याही स्वतः माझ्याजवळ येऊन म्हणाले की, आमच्या बाजूच्या कर्ण्यांचा आवाज काही वेगळाच गोड होता. मी आभार मानले. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती एकमेव जाहीर प्रशंसा आहे आणि ती न जोडलेल्या कर्ण्यांबद्दल आहे.

अतिरेकावर त्या काळी एकच कायदा होता, तो म्हणजे फ्यूज. काचेच्या नळीत केसासारखी बारीक तार. ठरल्याहून जास्त वीज ओढली गेली की ती तार वितळते आणि यंत्र वाचते. फ्यूज गेला म्हणजे कोणीतरी गुन्हा केला आहे, आधी गुन्हेगार शोधावा, मग नवा फ्यूज घालावा, हा क्रम आहे. साखरशेतला एका पूजेच्या वेळी मी जेवावयास बसलो असता फ्यूज गेला, तर यजमानांच्या मॅट्रिक झालेल्या पुतण्याने त्या जागी सायकलच्या तारेचा तुकडा बसवला आणि मी परत आलो तेव्हा माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. पहारेकरी काढून त्याच्या जागी बुजगावणे उभे करणारा हा मनुष्य पुढे सरकारी नोकरीत बराच वर चढला असे ऐकतो. ऐकून आश्चर्य वाटले नाही.

करार मोडण्याची दुसरी तऱ्हा याहून घातक, आणि तिच्यावर फ्यूजचा काही इलाज चालत नाही. ती म्हणजे यंत्र जोरात चालू असताना सगळे कर्णे काढून टाकणे. व्हॉल्व्ह ढकलत राहतो आणि समोर घेणारा कोणी नसतो. तो जोर ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातच उसळतो, तारेवरच्या लेपाला भोक पाडतो, आतल्या आत ठिणगी उडते आणि डांबराचा वास येऊ लागतो. वास आला म्हणजे खेळ संपला. सामान्य माणसाला हे पटत नाही. त्याने बैल पाहिलेला असतो. जू उतरविले की बैल विसावतो, म्हणून कर्णे उतरविले की यंत्र विसावेल असे त्याला वाटते. व्हॉल्व्हच्या यंत्राची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याला ओझ्यापेक्षा रितेपणाचे भय जास्त.

यावर उपाय होता. खोटा भार. मातीच्या नळीवर गुंडाळलेली विशिष्ट तार, जी कर्ण्याइतकाच जोर घेते, तापते आणि गप्प बसते. कर्णे सोडण्यापूर्वी ती जोडून ठेवली की करार अबाधित राहतो. या वस्तूची मागणी मी समितीकडे तीन वेळा लेखी केली. शेवटी अध्यक्षांनी मला बैठकीत बोलावले.

अध्यक्ष म्हणजे दाजीसाहेब. खालच्या मुलखातून येऊन जव्हारात स्थायिक झालेले निवृत्त वकील. त्यांचा आवाज मोठा होता आणि तो आणखी मोठा करणारे यंत्र हाती आल्यापासून त्यांना बोलण्याच्या विषयांची उणीव भासत नसे.

"मास्तर, ही जी वस्तू तुम्ही मागता, ती वाजते का?"

"नाही."

"लोकांना दिसते?"

"पेटीच्या आत असते."

"मग करते काय?"

"तापते."

"म्हणजे समितीने एक अशी वस्तू आणावी, जी वाजत नाही, दिसत नाही आणि नुसती तापते. अशी एक वस्तू समितीने आधीच चालक म्हणून नेमलेली आहे."

सभासद पोट धरून हसले. मागणी फेटाळली गेली. मी घरी येऊन चौथे पत्र लिहिले.

आता धर्माविषयी. धर्मा माझा मदतनीस. वयाने माझ्याएवढाच, मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात तो घरची भात-नाचणी करी आणि बाकीचे महिने जव्हारात माझ्याबरोबर कर्णे वाही. झाडावर चढून कर्णा बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या घरच्या बोलीत 'तुम्ही' नाही. राजालाही तू आणि शेळीलाही तू. तो मलाही तू म्हणे आणि दाजीसाहेबांनाही तू म्हणे. मला त्याचे काही वाटत नसे. दाजीसाहेबांनी त्याबद्दल माझ्याकडे तक्रार केली होती.

धर्माच्या गावी बोहाडा होई. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बोहाड्यात देवांची आणि दैत्यांची सोंगे निघतात, आणि प्रत्येक सोंग एकेका घराण्याचे असते. ज्या घरचे सोंग त्या घरच्या पुरुषानेच तो लाकडी मुखवटा चढवून संबळाच्या तालावर नाचावयाचे. धर्माच्या घरी वेताळाचे सोंग होते. त्याच्या बापाने नाचविले, आज्याने नाचविले. शेत गेले तरी चालेल पण सोंग जाता कामा नये, असा तो मान. अखेरच्या सकाळी जगदंबेचे सोंग निघते आणि दुपारी आखाड्यात कुस्त्या होतात. त्या गावचा आणखी एक दंडक होता. जगदंबा निघाली की संबळ आणि पिपाणी यांखेरीज कोणताही आवाज होता कामा नये. आईच्या वाटेत ज्याच्या हातून विघ्न येईल, त्याच्या घरचे सोंग बंद.

त्या वर्षी दाजीसाहेबांनी कुस्त्यांपूर्वी तेथे भाषण करण्याचे ठरविले. आम्ही यंत्र, तेलावर चालणारे जनित्र आणि चार कर्णे घेऊन आदल्या दिवशी पोहोचलो. यंत्र देवळाच्या पडवीत ठेवले, तीन कर्णे देवळाभोवती लावले आणि चौथा लांब तार ओढून ओहोळापलीकडच्या आखाड्यात, मोहाच्या झाडावर बांधला. गावचे म्हातारे देवजी पाटील येऊन सगळे पाहून गेले. सोंगांचा क्रम आणि मान यांबाबत त्यांचा शब्द अखेरचा.

"मास्तर, आईच्या टायमाला तुजा कर्णा मुका ठेवशील ना?"

"एक चावी फिरविली की मुका होतो, पाटील."

"मंग फिरव. इसरू नको."

मी ती चावी धर्माला दाखविली. आवाजाची चावी शून्यावर आणावयाची, यंत्र चालू राहील, कर्णे जोडलेले राहतील, कोणाचे काही बिघडणार नाही. आणि काही झाले तरी चालू यंत्राच्या तारा सोडावयाच्या नाहीत, हेही पुन्हा सांगितले. त्याला ते पाठ होते.

सकाळी दाजीसाहेब माइकसमोर उभे राहून आपला आवाज बसवीत होते. थोडी चढव, थोडी उतरव, असे त्यांनी धर्माकडून बराच वेळ करून घेतले आणि अखेर एका जागी चावी त्यांच्या मनास आली. तेवढ्यात आखाड्यातला कर्णा वाऱ्याने फिरून त्याचे तोंड डोंगराकडे झाल्याचा निरोप आला. दोर घेऊन मी स्वतः गेलो आणि मोहावर चढलो. खाली आखाड्यात गर्दी जमली होती. पुढे देवजी पाटील बसले होते. मी कर्ण्याचे तोंड सरळ करीत असता दूर गावातून संबळ ऐकू आला. जगदंबा निघाली होती. कर्णा आता मुका होईल म्हणून मी वाट पाहिली. कर्णा मुका झाला नाही. तो बोलू लागला.

"अरे, बंद कर ते. देवी निघाली." हा दाजीसाहेबांचा आवाज.

"चावी फिरवतो." हा धर्मा.

"चावीला हात लावू नकोस. माझ्या आवाजाला बसवून ठेवली आहे ती. तारा सोड."

"मास्तर बोलला, तारा सोडायच्या न्हाय."

"मास्तर अध्यक्ष आहे की मी? सोड."

येथे वाचकाने विद्येचा आणखी एक तुकडा ध्यानात घ्यावा. त्या जातीच्या यंत्राला एकेक कर्णा कमी होत गेला की उरलेल्यांच्या वाट्याला जोर वाढत जातो आणि ते जास्त मोठ्याने बोलतात. देवळाजवळचा पहिला कर्णा सुटला तसा माझ्या कानाशेजारचा कर्णा चढला. दुसरा सुटला, आणखी चढला. तिसरा सुटल्यावर दाजीसाहेबांचा पुढचा शब्द साऱ्या आखाड्यावर आणि ओहोळापलीकडच्या रानावर असा काही पडला की झाडावरचे पक्षी उडाले.

"तो आखाड्यातलाही सोड. मी सांगतो म्हणून सोड."

मग शांतता. मी उडी टाकली आणि ओहोळातून धावत सुटलो. माइक तसाच उघडा होता, चावी भाषणाच्या जागेवर होती आणि संबळ वाजत गाजत त्याच माइकसमोर येत होता, हे मला न पाहताच कळत होते. व्हॉल्व्ह संबळाचा ठोकान् ठोका पुरा जोर लावून ढकलणार, आणि घ्यावयास कोणी नाही.

पोहोचलो तेव्हा पडवीत धूर होता. डांबराचा वास होता. धर्माने जनित्र बंद केले होते आणि तो भिंतीशी उभा होता. आईचे सोंग पडवीसमोर थबकले होते, संबळ थांबला होता, आणि दाजीसाहेब जमलेल्या लोकांना सांगत होते की, या इसमाने परवानगीवाचून तारा ओढल्या आणि यंत्र पेटविले.

धर्मा म्हणाला, "तूच सोड बोललास."

दाजीसाहेब म्हणाले, "मी एक अक्षरही बोललो नाही." आणि मग मला उद्देशून, "मास्तर, यांना एकवचनाशिवाय दुसरे काही येत नाही आणि खऱ्याशिवाय सर्व काही येते."

आईच्या वाटेत विघ्न आले होते, यात कोणालाच शंका नव्हती. कुस्त्यांपूर्वी पंच आखाड्यात बसले. विघ्न धर्माच्या हातून आले असे ठरले तर वेताळाचे सोंग त्याच दिवशी त्याच्या घरून जाणार होते. धर्माची बायको मुखवटा कापडात गुंडाळून, तो उराशी धरून गर्दीच्या कडेला उभी होती. न्यावयाचाच असेल तर कोणी घरी येऊन नेऊ नये म्हणून ती स्वतः घेऊन आली होती.

दाजीसाहेबांनी वकिली केली. कृत्य कोणाच्या हाताचे? धर्माच्या. हात कोणाचा? धर्माचा. मग आणखी पुरावा कसला पाहिजे? त्यांनी आयुष्यभर कोर्टात काय केले असेल याचा मला त्या दिवशी अंदाज आला.

मी बोलण्याची परवानगी मागितली. ट्रान्सफॉर्मर, वेटोळी, लेप हे शब्द उच्चारून उपयोग नव्हता, आणि ते उच्चारले असते तर दाजीसाहेबांखेरीज कोणी समजल्याचे सोंग आणले नसते. मी दोन पैलवान मागितले. एकाला म्हटले, समोरच्याला अंगातला सगळा जोर लावून ढकल. दुसऱ्याला म्हटले, तू रोखून धर. दोघे भिडले, पाय रोवले गेले, कोणी हलेना. तेव्हा मी रोखणाऱ्याला म्हटले, "बाजूला हो." तो झाला. ढकलणारा तोंडावर आपटला, नाकात माती गेली, लोक हसले.

"यंत्र हा असा पडला," मी म्हणालो. "कर्णे बाजूला झाले आणि यंत्र तोंडावर आपटले. आता पंचांनी सांगावे, चूक कोणाची? ढकलणाऱ्याची, की बाजूला होणाऱ्याची?"

देवजी पाटील पडलेल्या पैलवानाकडे पाहत होते. ते म्हणाले, "बाजूला हो बोलला त्याची."

दाजीसाहेब उठले. "तेच मी म्हणतो. असे कोणी बोललेच नाही. साक्षीदार आणा. पडवीत आम्हा दोघांवाचून तिसरा माणूस नव्हता."

"पडवीत नव्हता," पाटील म्हणाले. "आमी आखाड्यात होतो. तुजा आवाज झाडावरून आला."

दाजीसाहेबांनी मोहाच्या झाडाकडे पाहिले. कर्णा तेथेच होता. मी त्याचे तोंड चांगले सरळ केले होते. वकिलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पुष्कळदा कल्पिला होता. प्रत्यक्ष पाहण्याचा योग तो एकदाच आला.

"मी सांगतो म्हणून सोड," गर्दीतून कोणीतरी हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणाले, आणि मग जो हशा उठला त्याला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

पाटलांनी हात वर केला. "धर्माचा सोंग धर्माच्या घरी. विघ्न याचा. पर याच्या घरी सोंग न्हाय, मंग याचा काय बंद करायचा?" त्यांनी पंचांकडे पाहिले. "भाषण बंद," ते म्हणाले. "आपल्या गावात याचा भाषण बंद."

धर्माच्या बायकोने कापड सोडून मुखवट्यावरची धूळ पदराने पुसली. कुस्त्या सुरू झाल्या.

मी विधिविषयक वाचन बरेच केले आहे. गुन्ह्याशी इतके प्रमाणबद्ध शासन मला कोणत्याही संहितेत आढळलेले नाही.

परंतु जव्हारात संहिता निराळी होती. पुढच्या बैठकीत समितीने तो तीन शब्दांचा ठराव केला. मी हरकत घेतली. पगारी नोकराची हरकत इतिवृत्तात घेता येत नाही असे मला सांगण्यात आले. यंत्र आपोआप जळाले, म्हणजे दोषी कोणीच नाही. दोषी कोणी नाही, म्हणजे कोणावर अन्यायही झालेला नाही. तरी यापुढे मदतनीस म्हणून धर्मा नको. ही शृंखला दाजीसाहेबांनी तोंड वाकडे न करता वाचून दाखविली. मी लेखी कळविले की धर्मा नसेल तर मीही नाही. समितीने माझ्या पत्रांपैकी त्वरेने मान्य केलेले हे पहिलेच. ट्रान्सफॉर्मर मुंबईहून नवा गुंडाळून आला आणि यंत्र दाजीसाहेबांच्या भाच्याकडे सोपविण्यात आले. त्याने ते एका मौसमात पुन्हा जाळले. त्या वेळी ते कसे जळाले, हे ठरावात वाचावयास मी गेलो नाही. शब्द तयार होते.

मी दुरुस्तीचे दुकान काढले. धर्मा गावी गेला.

आता यंत्रे बदलली. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, आणि कराराची कलमे उलटी झाली. या नव्या यंत्राला रितेपणाचे भय नाही. सगळे कर्णे काढा, ते स्वस्थ बसते. त्याला भय आहे ते गर्दीचे आणि दोन तारा एकमेकींना चिकटण्याचे. पण त्याने एक गोष्ट शिकून घेतली आहे, जी आमच्या समितीला कधी साधली नाही. ते स्वतःवर लक्ष ठेवते. भार फार झाला, तारा भिडल्या, अंग जास्त तापले, तर आत एक बारीक खट् असा आवाज होतो, कर्णे तोडले जातात आणि तांबडा दिवा लागतो. चालू केल्याबरोबरही ते लगेच बोलत नाही. आधी आपली प्रकृती तपासते, मग कर्णे जोडून घेते. मनुष्यांत हा गुण मी पाहिलेला नाही.

आणि या गुणाचे आमचे लोक काय करतात? उत्सवात पेट्यांवर पेट्या रचतात, आकडा पाहत नाहीत, तांबडा दिवा लागला की यंत्राला घाबरट म्हणतात आणि दुकानात माझ्यासमोर आदळून सांगतात, "काका, ते आतलं खटखट करणारं काढून टाका." मी विचारतो, घरातला कुत्रा चोरावर भुंकला तर कुत्र्याला मारता काय? ते हसतात आणि यंत्र दुसऱ्या दुकानात नेतात. सायकलच्या तारेच्या तुकड्याला मरण नाही.

समितीचे नाव दोनदा बदलले. तिचे दप्तर आहे. तो ठराव आहे. तो दुरुस्त व्हावा म्हणून मी लिहीत असतो. संस्थान गेले, दाजीसाहेब गेले, देवजी पाटील गेले. कार्यालयात कारकून बदलतात आणि प्रत्येक नवा कारकून मला विचारतो की, आजोबा, यातून तुम्हाला आता मिळणार काय? शब्द दुरुस्त करून मागणाऱ्याला शब्दाखेरीज आणखी काही हवे असते, ही यांची समजूत.

यंदा उन्हाळ्यात धर्मा दुकानात आला होता. वेताळ आता त्याचा नातू नाचवितो. मी नुकतेच लिहिलेले पत्र त्याला वाचून दाखविले. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन फळीवरच्या एका वस्तूकडे बोट दाखवू लागला. ती फुटक्या कौलावर तार गुंडाळून मी स्वतः बनविलेली होती. समितीने कधीच न आणलेला तो खोटा भार.

"मास्तर, तो काय होता रे? वाजत न्हाय, तो?"

"खोटा भार."

"तुजा आफीस बी तसाच. तुजा कागद समदा घेतो. तापतो पन कधी. आवाज न्हाय काडत." आणि तो दात नसलेल्या तोंडाने बराच वेळ हसला.

मी त्याला म्हणालो, "तो आवाज काढत नाही हे खरे. पण तो जोडलेला असला की यंत्र जळत नाही."

त्याने ती वस्तू हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, "मंग टाक. आन् माजा नाव नीट लिव."

पत्र मी दुसऱ्या दिवशी टपालात टाकले. त्यात धर्माचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, पाड्याचे नाव आणि सोंगाचे नाव, चारही नीट लिहिली आहेत.